मोठी फाइल अपलोड करताना ४१३ एरर येतोय, अडतंय नक्की कुठे?

मंडळी, मदत हवी आहे. एका अ‍ॅपमध्ये व्हिडिओ अपलोड करायची सोय द्यायची आहे, फाइली साधारण २०० एमबीच्या. सर्व्हरवर डेबियन लिनक्स, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएम. छोटे फोटो बिनबोभाट जातात, व्हिडिओ टाकला की ४१३ ('पाठवलेलं फार मोठं आहे' असा सर्व्हरचा नकार). कधी तर तोही नाही, ब्राउझर नुसतंच कनेक्शन रीसेट झाल्याचं सांगतो.

पीएचपी.आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलमध्ये अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ आणि पोस्ट_मॅक्स_साइझ दोन्ही ५१२ एम केले, एफपीएम रीस्टार्ट केलं. टर्मिनलवर सेटिंग्ज दाखवणारी 'पीएचपी -आय' कमांड नवे आकडेच दाखवते. तरी ढिम्म फरक नाही, आणि पीएचपीच्या लॉगमध्ये या रिक्वेस्टचा मागमूसही नाही. आणखी कुठे बघू?

प्रतिसाद १
लॉगमध्ये मागमूस नाही म्हणजे रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत पोचतच नाहीये. एनजिनएक्सचा एरर लॉग उघडा. 'क्लायंट इंटेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी' आणि पुढे बाइट्सचा आकडा दिसला की चोर सापडला. बॉडी म्हणजे रिक्वेस्टसोबत येणारा डेटा; त्याची मर्यादा ठरवणारं क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ काहीच दिलं नसेल तर एनजिनएक्स १ एमबी धरतो. रीसेटचं कारणही तेच. ब्राउझर अजून बॉडी पाठवतोय आणि समोरून कनेक्शन बंद, मग ४१३ चं पान दिसणार कसं?

धागाकर्ता
लॉगमध्ये तीच ओळ आहे. पण ५१२ एम तर एनजिनएक्सच्या सेटिंगमधल्या सर्व्हर ब्लॉकमध्ये आधीच लिहिलेलं आहे!

प्रतिसाद १
कुठल्या सर्व्हर ब्लॉकमध्ये? पोर्ट ८० चा (एचटीटीपी) आणि ४४३ चा (एचटीटीपीएस) वेगळा असतो. ८० वाला बहुधा नुसता एचटीटीपीएसकडे ढकलत असेल, तिथे लिहून उपयोग नाही. मर्यादेला '०' देऊन तपासणीच बंद करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अपलोडच्या लोकेशनपुरती (त्या पत्त्यापुरती) मर्यादा वाढवा, बाकी साइटला १ एमबी पुष्कळ झाला.

धागाकर्ता
४४३ मध्ये टाकलं, ४१३ गेला. आता नवीनच तऱ्हा: '२०० ओके' (सगळं ठीक) असं उत्तर येतं, पण पीएचपीत फाइल्सचा अ‍ॅरे रिकामा. फॉर्ममधली बाकीची फील्डंसुद्धा गायब.

प्रतिसाद २
सगळंच गायब म्हणजे पोस्ट_मॅक्स_साइझ ओलांडलं गेलंय. फक्त अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ अपुरं असतं तर फील्डं आली असती आणि फाइलपाशी एरर कोड १ दिसला असता. डेबियनवर सीएलआय (कमांड लाइन) आणि एफपीएमच्या आयएनआय फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. टर्मिनलवरची 'पीएचपी -आय' सीएलआयचीच वाचते. पीएचपीइन्फोचं पान ब्राउझरमध्ये उघडून 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' बघा. (काम झालं की ते पान उडवा.)

धागाकर्ता
बरोबर, एफपीएमच्या फाइलमध्ये ८ एमच होतं. बदललं, २०० एमबीचा व्हिडिओ गेला. उद्या कुणी २ जीबीची फाइल टाकायची म्हणाला तर हेच आकडे वाढवत बसायचं का?

प्रतिसाद २
नको. एनजिनएक्स आधी बॉडी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो, मग पीएचपी स्वतःच्या टेम्पमध्ये पुन्हा लिहितं, म्हणजे डिस्कवर जागा दुप्पट. टेम्प रॅमवर माउंट असेल तर विचारूच नका. शिवाय शेवटच्या क्षणी नेट तुटलं की पहिल्यापासून सुरुवात. ब्राउझरमध्येच फाइलचे ५-१० एमबीचे तुकडे करून पाठवा, पडलेला तेवढाच तुकडा परत जातो. तुटलेलं अपलोड पुढे चालू ठेवणारा टस प्रोटोकॉल याचसाठी आहे, तयार लायब्ररी मिळतात. किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजची (फाइली ठेवायच्या क्लाउड सेवेची) सही केलेली, म्हणजे अपलोडची तात्पुरती परवानगी असलेली यूआरएल देऊन फाइल परस्पर तिकडे जाऊ द्या. दुसरा मार्ग घेतलात तर सीओआरएस (दुसऱ्या डोमेनवर रिक्वेस्ट पाठवू देणारी ब्राउझरची परवानगी) आधी नीट लावा, पुढचा धागा हमखास त्याचाच असतो.