ढाब्यांची तपासणी म्हणजे छळ नव्हे

तापीकाठ (भुसावळ) : काल या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, अन्न निरीक्षक ढाबेवाल्यांना विनाकारण छळतात, पिढ्यान्‌पिढ्या आपण हीच शेवभाजी खाल्ली आणि कोणाला काही झाले नाही. आमच्या घरात झाले, म्हणून लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात महामार्गावरील एका ढाब्यावर आम्ही रात्री फोडणीचा भात घेतला आणि तीन तासांच्या आत वडिलांना उलट्या सुरू झाल्या; दोन दिवस सलाईन लावावे लागले. भात दुपारचा होता, हे वाढणाऱ्या मुलानेच सांगितले होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शिजलेला भात पाच-सहा तास तसाच राहिला, तर बॅसिलस सेरियस या जिवाणूचे विष त्यात तयार होऊ शकते, आणि नंतर कितीही कडक फोडणी दिली तरी ते जात नाही. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवतात ते यासाठीच. हे तपासणारा माणूस न कळवताच यायला हवा.

ढाबामालक (धुळे) : ताई, वडिलांना त्रास झाला याचे वाईट वाटते, परंतु तो भातामुळेच झाला, हे तुम्ही कशावरून ठरवले? अन्न निरीक्षकांनी माझ्याकडून तिखटाचा नमुना नेला होता. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत तो तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाने अहवाल द्यायचा असतो. माझा पाच महिन्यांनी आला. त्यात काहीही निघाले नाही, पण तोवर गावभर भेसळीची बोलवा झाली होती. तुटलेली गिऱ्हाइके कोण परत आणून देणार?

गिरणाकाठ (चाळीसगाव) : खरा दोष तर्रीत आहे. कालच्या रश्श्यावरची तर्री काढून ठेवून आजच्या भाजीवर सोडताना मी स्वतः पाहिले आहे. तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक, २५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावीत, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तो ढाब्यांना का लावत नाहीत?

ढाबामालक : कारण तो तळणाच्या तेलाचा नियम आहे. तर्री म्हणजे वाटण परतताना सुटलेले तेल. या दोन्हींत फरक न कळणाऱ्याने खोबरे-कांदा भाजून मसाला कधी परतला नसावा.

गिरणाकाठ : चाळीस वर्षे परतते आहे, भाऊ, मला शिकवू नका. नियम तळणाचा आहे, एवढे मान्य करते. परंतु तर्रीबरोबर वाटण आणि पाण्याचा अंशही येतो, आणि असे मिश्रण रात्रभर चुलीजवळ ठेवले की ते शिळ्या रश्श्याइतकेच नासते. आणि तळणाचेच म्हणत असाल, तर भाजीत घालता ती शेव कोणत्या तेलात तळलेली असते, हे कधी विचारले आहे का?

ढाबामालक : शेव मी विकत आणतो. विचारलेले नाही. मग शेव बनवणाऱ्याचीही तपासणी करा. सगळा रोख ढाब्यावरच कशासाठी?

तापीकाठ : त्याचीही व्हावीच. तुमच्या अहवालाला झालेला उशीर अन्यायाचा होता, हेही मी मान्य करते. पण नमुन्याचे चार भाग करतात आणि त्यांतला एक स्वखर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी व्यावसायिकाला करता येते. तुम्ही केली होती का?

ढाबामालक : नाही. तसा हक्क आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. न कळवता यायचे असेल तर या. मात्र येताना हा हक्क मराठीत लिहिलेला कागद हातात द्या आणि अहवाल १४ दिवसांतच द्या. भाताचे म्हणाल, तर दुपारचा उरलेला भात रात्री माझ्याकडेही वापरला जातो, हे मी नाकारत नाही.