मदत हवी आहे: आजोबांच्या नावाने ताडोबासाठी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा ताडोब्यात वनरक्षक होते. 1955 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. बाबांचं बालपण मोहर्लीच्या बाजूला गेलं. गोंड राजांच्या काळातले दगडी खांब मोजत आजोबांच्या सायकलवर पुढे बसून जायचो, हे ते आजही सांगतात. आम्ही नागपुरात राहतो, पण वर्षातून एकदा ताडोबाच्या तलावाकाठी तारू या गोंडांच्या देवाच्या स्थानाला हात जोडल्याशिवाय आईला चैन पडत नाही.

आजोबांची काठी अजून घरात आहे. खालचं टोक काळं पडलंय. जाळरेषेवरचा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचा, पालापाचोळा जाळताना ते तिनेच निखारे सारायचे.

येत्या उन्हाळ्यात त्यांच्या नावाने काहीतरी करायचं आहे, एकदाच नाही, दरवर्षी. पर्यटकांसाठी बाक किंवा पाटी नको. रोज पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षक-वनमजुरांच्या उपयोगी पडेल असं हवं: चांगले बूट, पाण्याच्या बाटल्या, विजेऱ्या, किंवा पाणवठ्यावरचा सौरपंप. आम्ही तिघं भावंडं मिळून वर्षाला पंचवीस हजार काढू शकतो.

व्याघ्र प्रकल्पाच्या संवर्धन प्रतिष्ठानाकडे ठरावीक कामासाठीच देणगी देता येते का? वस्तू थेट स्वीकारतात का? अर्ज कोणाच्या नावे करायचा? मागे एका संस्थेला पैसे दिले, पावतीसुद्धा मिळाली नाही, म्हणून विचारतोय.

चंद्रपूरकडच्या कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा. बाबा 78 वर्षांचे आहेत, त्यांच्या हातून पहिली सुरुवात व्हावी अशी इच्छा आहे.