बी विंगच्या डब्यातला कोंडा

जोशी काका (ए-१०१): सुप्रभात. भाच्याने पाठवलंय, आलं तसं पुढे टाकतोय. ओट्समध्ये ॲन्टिऑक्सिडंट असतात, रोज एक वाटी खा आणि म्हातारपण विसरा. ५ जण तयार असतील तर वाण्याकडून एकदम मागवू, स्वस्त पडेल

पेडणेकर काकू (बी-२०४): तुम्ही मागवा. आमच्याकडे नको, शिजवलं की खळीसारखं होतं ते

रश्मी (सी-४०३): काका ओट्स वाईट नाहीत हां, त्यातला बीटा-ग्लुकन म्हणून जो चिकट फायबर असतो तो दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल थोडं खाली येतं, हे खरंय. म्हातारपणाचं मात्र सोडून द्या 😄 आणि ॲन्टिऑक्सिडंटच हवेत तर ते आपल्या गव्हात ज्वारीत नाचणीत पण आहेत की, आपण चाळणीत अडवतो आणि टाकून देतो. काल बी विंगच्या गेटपाशी गाईसाठी डबा बघितला, काठोकाठ कोंडा

पेडणेकर काकू (बी-२०४): माझाच आहे तो. आमच्या ह्यांना मऊसूत पोळी लागते, काय करू

संकेत (ए-३०२): म्हणजे सोसायटीत सगळ्यात हेल्दी गाय 😂

रश्मी (सी-४०३): हसतोयस पण तसंच आहे. गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण १४ टक्के कोंडा, २-३ टक्के अंकुर आणि बाकीचा सगळा आतला पांढरा भाग, मैदा म्हणजे तेवढाच. फिनॉलिक म्हणजे ॲन्टिऑक्सिडंटचाच एक प्रकार, गव्हातलं मुख्य फिनॉलिक म्हणजे फेरुलिक ॲसिड, ते बहुतेक सगळं कोंड्याच्या बाजूला असतं आणि तेही सुटं नाही, तंतूंना घट्ट चिकटलेलं, त्यामुळे बरंचसं वर पचतच नाही, मोठ्या आतड्यापर्यंत तसंच जातं आणि तिथले बॅक्टेरिया ते हळूहळू सोडवतात. म्हणून मी म्हणते ॲन्टिऑक्सिडंटची गोळी आणि कोंड्यासकट पोळी हे एकच नाही, गोळीवाले काही म्हणोत

संकेत (ए-३०२): मी मल्टिग्रेन ब्रेड खातो. ब्राऊन असतो चांगला

रश्मी (सी-४०३): पाकीट उलटं कर आणि पहिलं नाव काय लिहिलंय ते टाईप कर

संकेत (ए-३०२): रिफाइन्ड व्हीट फ्लोअर, कंसात मैदा. शेवटी कलर १५०ए

रश्मी (सी-४०३): १५०ए म्हणजे कॅरॅमल. ब्राऊन तिथून आलाय

संकेत (ए-३०२): 🤦

वैशाली वहिनी (सी-१०२): अगं मग मी बाळाला नाचणी सत्त्व देते ते चुकतंय का? सासूबाईंची पद्धत आहे, भिजवून मोड आणायचे, वाळवून दळायचं आणि मलमलच्या कपड्यातून गाळायचं. साल सगळं वरच राहतं

रश्मी (सी-४०३): नाही नाही वहिनी, अज्जिबात चुकत नाही, बाळासाठी तेच बरोबर. नाचणीचे टॅनिन म्हणजे तुरट फिनॉलिक वगैरे सगळे त्या लालसर सालात असतात आणि हेच टॅनिन आणि फायटेट नावाचं दाण्यातलंच दुसरं एक द्रव्य जेवणातलं लोह पण अडवून धरतात, मोड आणले की फायटेट कमी होतं, गाळलं की टॅनिन कमी आणि बाळाला पचायलाही हलकं. सासूबाईंना फिनॉलिक शब्द माहीत नसेल पण काम नेमकं करून ठेवलंय. आपण मोठ्यांनी भाकरी सालासकट खायची. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी वर लिंबू पिळायचं आणि जेवल्या जेवल्या चहा नाही

जोशी काका (ए-१०१): चहाचं ग्रुपवर टाकायची काही गरज नव्हती. ही पण आहे ग्रुपवर

माने काकी (बी-३०१): बाजरीचं सांग गं. माझ्या जावेला थायरॉइड आहे, तिला कोणीतरी बाजरी बंदच करायला लावली

रश्मी (सी-४०३): काकी बाजरीत फ्लेव्होन प्रकारची काही द्रव्यं आहेत ती थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात, पण तो त्रास मुख्यतः जिथे तिन्ही त्रिकाळ बाजरीच आणि आयोडीनची कमतरता तिथला. थंडीत आठवड्यातून दोनदा भाकरी खाणाऱ्याची गोष्ट वेगळी, तरी तिने डॉक्टरांना विचारूनच ठरवू दे. आणि हीच द्रव्यं डोळ्यांनी दिसतात बरं का, पिठाचा करडा रंग त्यांचाच. चमचाभर पीठ आंबट ताकात कालवा, फिकट पांढुरकं होतं. दुसऱ्या चमच्यात सोड्याचं पाणी घाला, पिवळट हिरवं

माने काकी (बी-३०१): थांब करून बघते

माने काकी (बी-३०१): अगं बाई खरंच!! सोड्याचं हिरवट झालं. नातू म्हणतोय अजून एकदा कर

ॲडमिन: कृपया पाणी टंचाईच्या मेसेजना प्राधान्य द्या. टँकर ११ वाजता. बी विंगने गेटसमोरच्या गाड्या काढाव्यात

जोशी काका (ए-१०१): मग ओट्सचं काय करायचं, रद्द? त्याऐवजी मंगळवेढ्याची ज्वारी मागवू का, माझा साडू येतोय तिकडून पुढच्या शनिवारी

वैशाली वहिनी (सी-१०२): ५ किलो मला

माने काकी (बी-३०१): मलाही ५. मालदांडी जातीचीच ज्वारी आणायला सांगा हं, भाकरी तुटत नाही

पेडणेकर काकू (बी-२०४): रश्मी, आज न चाळता केल्या पोळ्या. हे विचारतायत पोळीला काय झालंय, चामट लागतेय

रश्मी (सी-४०३): काकू कोंडा पाणी ओढून घेतो ना, कणिक जरा सैल भिजवायची आणि अर्धा तास झाकून ठेवायची, मग मऊ होतात

पेडणेकर काकू (बी-२०४): हे आत्ता सांगतेस? १४ लाटून झाल्या माझ्या