मदत हवी आहे: रेसमधून आलेली घोडी, मुलीला करायचंय ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा)

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीचे. मुलगी शिकते त्या तबेल्यात पुण्याच्या रेसकोर्सवरून रिटायर झालेली एक थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) घोडी आलीय, स्वभावाने गरीब आहे, पण दुडकीतून कँटरला (दुडकीच्या पुढची दौड) गेली की सुटतेच. मुलगी लगाम ओढते तशी ती तोंड टाकून अजून जोर लावते. सर म्हणतात रेसच्या घोड्याला तेच शिकवलेलं असतं, लगाम आवळला की त्यावर रेलायचं आणि पळायचं, ते पटतं, पण उपाय म्हणून ते कडक बिट (लगामाची तोंडातली दांडी) लावू म्हणतायत तिथे माझं अडलंय. मला वाटतं साधं स्नॅफलच (सौम्य बिट) ठेवून २० मीटरच्या वर्तुळात दुडकी आणि जमिनीवर एकमेकांपासून साडेचार फुटांवर बांबू टाकून त्यावरून दुडकीचा सराव, एवढंच काही महिने करावं. बरोबर आहे का?

२०२३ ला हांगझोउच्या एशियन गेम्समध्ये आपल्या भारतीय टीमने ड्रेसाजचं गोल्ड घेतलं तेव्हापासून पोरीच्या डोक्यात तेच. सर मात्र जम्पिंग कर म्हणतात. आमच्याकडे घोडा म्हटलं की लोकांना शिगम्यातली घोडेमोडणीच (कमरेला लाकडी घोडा बांधून करतात तो नाच) आठवते, विचारणार कुणाला!

दुसरं, पावसात खुराच्या तळाला काळं, घाण वासाचं काहीतरी होतंय. रोज साफ करून कोरडं ठेवतोच. गोव्यात किंवा सावंतवाडी-बेळगाव साइडला कोणी चांगला नालबंद माहीत असेल तर प्लीज इनबॉक्स करा, आणि रेसचा घोडा वळवलेला कोणी असेल तर किती वेळ लागला तेही सांगा.