गीतगोविंद वाचताना आधी चित्रं बघायची की तत्त्वज्ञान वाचायचं?

रानवारा: मंडळी, जयदेवाचं गीतगोविंद, म्हणजे राधाकृष्णावरचं संस्कृत काव्य वाचतोय, मराठी अर्थासकट. सोबत चैतन्य महाप्रभूंच्या कृष्णभक्ती संप्रदायाबद्दल वाचतोय आणि पहाडी मिनिएचर्स (हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांतली लघुचित्रं) बघतोय. पण तत्त्वज्ञान डोक्यात शिरलं की प्रत्येक ओळीत राधा म्हणजे जीव, कृष्ण म्हणजे परमात्मा एवढंच दिसतं आणि यमुनेकाठचा वारा, राधेचा रुसवा सगळं मागे पडतं. क्रम कसा ठेवू?

चित्रवेडी: कविता आणि चित्रं आधी, बाकी नंतर. जयदेव 12व्या शतकातला, चैतन्य महाप्रभूंचा जन्म 1486 चा, म्हणजे तुम्ही वाचताय ते तत्त्वज्ञान त्याच्यासमोर नव्हतंच. चित्रकार तर अजून पुढचे, पण ते श्लोकाला धरून राहतात. पहाडी चित्रकार माणकूचा 1730 चा संच बघा, सपाट भडक रंग, मोजकी झाडं, सगळं लक्ष माणसांच्या हातवाऱ्यांवर, आणि मग कांगडा शैलीतला साधारण 1775 चा संच घ्या, तिथे नदी, वेली, मोहोर यांनीच अर्धं चित्र भरलेलं. एकाच श्लोकाची दोन्ही चित्रं मिळाली तर शेजारी ठेवून श्लोक परत वाचा, मला तरी विरह खरा कळला तो असाच. सखी निरोप घेऊन इकडून तिकडे जाते ते आपण वाचताना भरभर पुढे जातो, चित्रकार मात्र तिथे पानामागून पान थांबतो.

जुनापाठक: ताई, कालक्रम मान्य, पण तत्त्वज्ञान इतकं मागे ढकलू नका. आणि रानवारा, गौडीय, म्हणजे चैतन्यांच्याच संप्रदायाच्या मतात राधा म्हणजे जीव नाहीच हो! ती कृष्णाचीच ह्लादिनी, म्हणजे आनंद देणारी शक्ती, त्याच्याहून वेगळी आणि तरी वेगळी नाही. हे धरून 10वा सर्ग वाचा. 'देहि पदपल्लवमुदारम्', देव राधेला म्हणतो तुझं पाऊल माझ्या डोक्यावर ठेव. आख्यायिका अशी की ही ओळ लिहायला जयदेव कचरला, तो आंघोळीला गेला तेव्हा कृष्णानेच येऊन ती पुरी केली. देव असा वाकतो कसा हा प्रश्न कवितेतच आहे, नंतर कुणी चिकटवलेला नाही. रुसवा काढून टाकला तर तत्त्वज्ञानाला तरी काय उरतं?

सूरपेटी: आणि ऐका पण! गीतगोविंदात 24 अष्टपद्या, म्हणजे गायची पदं आहेत, रागांची नावं दिलेली, पुरीच्या जगन्नाथ मंदिरात तर त्या गायच्या असा 1499 चा शिलालेखच आहे. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली मिनिएचर्स बघून या, स्क्रीनवर तो बारकावा दिसत नाही.