दहावी गणित: प्रश्न 4 आणि 5 सोडूनच द्यायचे का?

प्रश्न (एक पालक): मुलगी दहावीला, स्टेट बोर्ड. सराव परीक्षेत भूमितीला 40 पैकी 27. उत्तरपत्रिका पाहिली तर प्रश्न 4 आणि 5, म्हणजे शेवटचे अवघड प्रश्न, त्यांना हातच लावलेला नाही. विचारलं तर म्हणते, "सरांनीच सांगितलंय, पहिल्या तीन प्रश्नांचे 29 पक्के करा, बाकीच्या नादी लागू नका." वर्गात कुणी जरा वेगळं विचारलं की बाकीची पोरं ओरडतात, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की वह्या बंद. सरांशी बोलावं का? की उगाच आगाऊपणा दिसेल?

उत्तर 1 (गणित शिक्षिका): अहो, ते 40 पैकी 27 नाहीत, 29 पैकी 27 आहेत! पोरीने सोडवलेलं जवळपास सगळं बरोबर आहे.

तुमच्या सरांची बाजूही सांगते. माझ्या वर्गात निम्म्या मुलांची ऋण चिन्हांपाशी गाडी अडते. वर शाळेला निकाल हवा. गणित-विज्ञान मिळून 200 पैकी 70 आणि प्रत्येकी किमान 25 असले की मूल सुटतं, त्यात अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आमच्याच हातात. त्या मुलांना प्रश्न 4 सोड म्हणण्यात काही गैर नाही, मीही म्हणते. पण तोच सल्ला अख्ख्या वर्गाला दिला की तुमच्या मुलीसारखी मुलं फुकट अडकतात.

बोर्डात पायरीला गुण असतात. उत्तर आलं नाही तरी योग्य प्रमेय लावून दोन पायऱ्या बरोबर लिहिल्या तर पदरात काहीतरी पडतं. कोऱ्या पानाला मी काय देणार? आणि रचनेत कंपासचे कंस खोडू नको म्हणावं. मुलं आकृती 'स्वच्छ' दिसावी म्हणून नेमके तेच खोडतात, मग स्पर्शिका पट्टीने अंदाजे ओढली की रीतसर काढली, कळणार कसं?

सरांशी जरूर बोला, फक्त मुलीसमोर नको.

उत्तर 2 (अकरावी सायन्स): आमचे सर एकदा प्रश्न 4 चं उदाहरण फळ्यावर करताना स्वतःच अडकले. "उद्या सांगतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दोन रीती घेऊन आले. तेव्हापासून आम्हीही अर्धवट सोडवून दाखवायला लाजत नव्हतो. बोर्डाला तसलं काही आलं नाही ते सोडा.

पालक: मॅडम, 29 पैकी 27 हे डोक्यातच आलं नव्हतं. घरी उगाच बोललो तिला. शनिवारी सरांना गाठतो, एकटाच.