रिमोट किल्लीचा सेल बदलला, दिवा लागतो पण गाडी दाद देत नाही

चाकोरी:
गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीकडूनच आलेली फ्लिप की, तीन बटणं: लॉक, अनलॉक, डिक्की. रिमोटचा पल्ला कमी होत होत दाराला चिकटून बटण दाबायची वेळ आली, म्हणून काल सेल बदलला. जुना सीआर २०३२ होता, नवाही तोच, सीलबंद पाकिटातला. आता बटण दाबलं की किल्लीवरचा लाल दिवा नुसता मिणमिणतो आणि गाडी ढिम्म.

आतापर्यंत तपासलेलं:
– मल्टिमीटरवर नव्या सेलचे ३.२४ व्होल्ट येतात.
– अधिक बाजू झाकणावरच्या खुणेप्रमाणेच आहे.
– याच किल्लीने गाडी नेहमीसारखी सुरू होते.
– घरातली दुसरी किल्ली व्यवस्थित चालते.
– कालपासून बटण शंभरेक वेळा तरी दाबून झालंय.

फोनवर विचारलं तर एका सर्व्हिस सेंटरचं उत्तर असं: सेल काढला की कोडिंग उडतं, नवा रिमोट घ्यावा लागेल. खरंच उडतं का? की घरच्या घरी काही करता येईल?

तांब्याची_तार:
नाही उडत. किल्लीचा अनुक्रमांक, तिचा गुप्त कोड आणि आतापर्यंत किती वेळा बटण दाबलं त्याची मोजणी, हे सगळं ईईप्रॉममध्ये लिहिलेलं असतं. त्या मेमरीला टिकायला वीज लागत नाही. किल्ली वर्षभर बिनसेलची ड्रॉवरमध्ये पडून राहिली तरी ती तीच किल्ली राहते. नवा रिमोट सध्या विसरा.

अर्धं निदान तुमच्याच यादीत आहे. दुसरी किल्ली चालते, म्हणजे गाडीतला रिसीव्हर, फ्यूज आणि दारांच्या मोटारी ठीक. गाडी सुरू होते, म्हणजे इमोबिलायझरची (किल्ली ओळखून इंजिन सुरू होऊ देणारी) चिप जागेवर आहे. पण यावरून 'किल्ली चांगली आहे' एवढा मोठा निष्कर्ष काढू नका. ती चिप सेलवर चालतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती कॉइल असते, तिच्या १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या क्षेत्रातूनच चिप आपल्यापुरती वीज घेते. दारं उघडणारा रिमोट हा त्याच कवचात बसवलेला ४३३.९२ मेगाहर्ट्झचा वेगळा ट्रान्समीटर. एक मेला तरी दुसरा मजेत चालू राहतो.

आता मिणमिणता दिवा. तुमचे ३.२४ व्होल्ट बिनलोडचे, म्हणजे सेलमधून वीज ओढली जात नसतानाचे आहेत, आणि बटण सेल बिनलोडचा मोजला की मरायला टेकलेलासुद्धा ३ च्या आसपास दाखवतो. बटण दाबल्यावर रिमोट साधारण १० ते २० मिलिअँपिअर ओढतो, मोजायचं ते त्या क्षणी. एकाला बटण धरू द्या आणि दोन ठिकाणी मोजा:

१. मीटरची टोकं थेट सेलच्या दोन्ही बाजूंना लावून.
२. टोकं बोर्डवर, म्हणजे सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्त्या जिथे सोल्डर केल्यात त्या डागांवर ठेवून.

दोन्हीकडे २.९ च्या वर असेल तर वीजपुरवठा निर्दोष. दोन्हीकडे २.५ च्या खाली घसरलं तर सेल बाद, मग पाकीट कितीही सीलबंद असो. सेलवर ३ आणि बोर्डवर दोन-सव्वादोन आलं, तर सेल आणि पत्ती यांच्यामध्ये काहीतरी आडवं आलंय. फरकावरून अडथळाही काढता येतो: १२ मिलिअँपिअरला ०.९ व्होल्ट गळत असतील तर संपर्कात ७५ ओहम आहेत. तिथे एक ओहमसुद्धा असायला नको.

आणि कृपा करून तोवर बटण दाबणं थांबवा. का ते पुढे येईलच.

पानेवाला:
मोजायला किल्ली उघडणारच आहात तर आधी हे वाचा.

कवच उघडताना खाली पांढरा कापड किंवा ताट ठेवा. बऱ्याच किल्ल्यांत इमोबिलायझरची चिप बोर्डवर नसते. तांदळापेक्षा थोडी मोठी काळी कांडी किंवा छोटी काचेची नळी कवचाच्या खोबणीत नुसती सरकवलेली असते. ती उडून सोफ्याखाली गेली की रिमोट चालेल पण गाडी सुरू होणार नाही, आणि मग खरोखरच मोठा खर्च. तिला हात लावायचं कारणच नाही.

दोन्ही कडांच्या मध्ये प्लॅस्टिकचं पातळ पातं घाला, गिटार वाजवायची पट्टीही चालते. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने कड चेपते, मग झाकण नीट बसत नाही आणि पावसाळ्यात आत ओल शिरते.

सेल लोखंडी चिमट्याने आडवा धरू नका. अधिक बाजू कडेवरूनही वळलेली असते, त्यामुळे चिमटा दोन्ही बाजूंना टेकला की सेल शॉर्ट होतो. क्षणभराने मरणार नाही, पण असं दोन-चार वेळा झालं की त्याचा जोर उतरतो.

पत्त्या बघा. खालची वजा बाजूची पत्ती मधोमध थोडी वर उचललेली असायला हवी. जुना सेल उचकटताना ती हमखास दबते. प्लॅस्टिकच्या टोकाने मिलिमीटरभर वर घ्या, जास्त नको, मुळाशी सोल्डरचा डाग तडकतो. डागाभोवती केसाएवढी गोल भेग दिसली तर पत्ती बोटाने हलकेच हलवून बघा. हलताना दिवा मोठा-बारीक झाला तर दोष तोच. कोणताही मोबाइल दुरुस्तीवाला तो डाग दोन मिनिटांत पुन्हा देईल. फक्त सेल काढून बोर्ड द्या, आणि थेट सेलवर सोल्डर करू देऊ नका.

बटणांखालचा रबरी पॅड तिरका बसला आणि झाकण आवळलं, तर एक स्विच कायमचा दबलेला राहतो. रिमोट दुसऱ्या बटणाला दाद देत नाही आणि नवा सेल एक-दोन दिवसांत संपतो. ओळखायची रीत: पॅड आणि झाकण बाजूला ठेवून नुसत्या बोर्डवरचा स्विच नखाने दाबा. असा चालला आणि कवचात बंद केल्यावर थांबला, तर बोर्डाचा काही दोष नाही.

सेलच्या आकड्यांबद्दल: पहिले दोन अंक व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात. २०३२ म्हणजे २० मिमी रुंद, ३.२ जाड. २०२५ टाकला तर ०.७ मिमी ढिला बसतो, किल्ली खिशात हलली की संपर्क तुटतो. कागद घडी घालून बसवणारे आहेत, पण मी तसं करू नका म्हणेन. दोन २०१६ एकावर एक ठेवले की जाडी बरोबर ३.२ जमते आणि व्होल्टेज ६ होतो, तो तर बोर्डाचा घातच. एलआयआर २०३२ हा दिसायला सारखाच पण रिचार्जेबल, पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट. ३ व्होल्टच्या रिमोटमध्ये तो नको.

चाकोरी:
मोजलं. बटण दाबलेलं असताना सेलवर ३.०८, बोर्डवर २.२. पत्ती मिलिमीटरभर उचलली, भेग कुठे दिसत नाही, डाग चकचकीत आहेत. फरक नाही.
मग दुसऱ्या किल्लीतला जुना सेल यात टाकला. दिवा लख्ख! मात्र गाडी अजूनही उघडत नाही. म्हणजे सेल खराब आहे, आणि शिवाय रिमोटही खराब?

तांब्याची_तार:
सेल खराब असता तर त्याच्यावरच ३.०८ टिकले नसते. वीज आत आहे, बाहेर पडत नाहीये. नवा सेल उजेडात तिरका धरून त्याची वजा बाजू, म्हणजे लहान खरखरीत बाजू, नीट बघा. कडेने फिकट, किंचित तेलकट दिसणारं कडं आहे का? आणि पाकिटावर लहान मुलांसाठी कडू लेप असल्याचं लिहिलंय का?

हा लेप पोरांनी सेल तोंडात घातला तर थुंकून टाकावा म्हणून असतो, आणि कल्पना चांगलीच आहे. बटण सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. पण लेप वीज वाहत नाही. पत्ती मधोमध टेकली तर काही बिघडत नाही. तुमच्या किल्लीसारख्या होल्डरमध्ये पत्तीची दोन बोटं कडेजवळ टेकतात, ती नेमकी लेपावर बसतात. दोष ना किल्लीचा ना सेलचा, जोडी जमत नाही एवढंच. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने घासून कधी भागतं, कधी नाही. त्यापेक्षा बिनलेपाचा दुसरा सेल आणा. हाताळताना कडेने धरा, बोटांचं तेलही संपर्कात येतं.

गाडी का उघडत नाही, ते शंभर वेळा बटण दाबल्यामुळे. हे खाली कोणीतरी नीट सांगेल, मी जेवायला चाललो.

सह्याद्री४३३:
सांगतो. रिमोट दर वेळी तोच कोड पाठवत नाही. तसं असतं तर कोणीही तो रेकॉर्ड करून गाडी उघडली असती. प्रत्येक दाबाला किल्लीतली मोजणी एकाने पुढे जाते आणि त्या आकड्यावरून नवा कोड बनतो. गाडी शेवटचा ऐकलेला आकडा लक्षात ठेवते आणि त्याच्या पुढचाच कोड स्वीकारते. तुम्ही ऑफिसात बसून उगाच चार वेळा बटण दाबलंत तर ते गाडीला ऐकू गेलेलं नसतं, म्हणून थोडी सूट असते. कीलॉक या जुन्या आणि खूप वापरल्या गेलेल्या पद्धतीत नेहमीची सूट पुढच्या १६ आकड्यांची. त्याहून पुढे गेलात तर एक दाब पुरत नाही, लागोपाठचे दोन कोड नीट ऐकू आले की गाडी नवा आकडा मान्य करते.

तुमच्याकडे काय झालं बघा. २.२ व्होल्टवर चिप जागी होती, दिवा मिणमिणत होता, मोजणी दर दाबाला पुढे सरकत होती. रेडिओचा भाग मात्र एवढ्यावर धड बोलत नव्हता. किल्ली शंभर पावलं पुढे गेली, गाडी जागेवरच. एका बिघाडातून दुसरा तुम्हीच तयार केलात, रागावू नका, सगळे करतात.

बऱ्याच कंपन्या दोन दाबांवर भागवत नाहीत, किल्ली खरी तुमच्याच हातात आहे याची खात्री मागतात. प्रत्येक गाडीची रीत वेगळी, ती गाडीच्या पुस्तिकेत 'सिंक्रोनायझेशन' किंवा 'रिमोटची बॅटरी' या भागात असते. बहुतेक ठिकाणी या दोनपैकी एक प्रकार निघतो:

पहिला: किल्ली इग्निशनमध्ये घालून ऑन करा, इंजिन सुरू करू नका, काही सेकंदांच्या आत लॉकचं बटण धरून ठेवा. मग बंद करून किल्ली बाहेर काढा आणि रिमोट वापरून बघा. बाहेर काढायला विसरू नका, किल्ली कुलपात असताना अनेक गाड्या रिमोटकडे लक्षच देत नाहीत.

दुसरा, फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत असतो तसा: गाडीजवळ उभं राहून रिमोटवर अनलॉक दाबा, एका मिनिटाच्या आत किल्लीच्या पात्याने ड्रायव्हरचं दार उघडा, आत बसून इग्निशन ऑन करा.

दोन्ही करताना चालणारा सेल आत हवा. मिणमिणत्या दिव्यावर हे करत बसाल तर आकडा आणखी पुढे जाईल.

एक गोष्ट करू नका: यूट्यूबवर 'पाच वेळा ऑन-ऑफ' छापाचे व्हिडिओ असतात, ते नवी किल्ली शिकवण्याचे असतात. काही गाड्यांत त्या अवस्थेत शिरलं की आधीच्या सगळ्या किल्ल्यांची नोंदणी पुसली जाते. चालणारी दुसरी किल्लीही हातची जाईल.

चाकोरी:
पुस्तिकेत पहिला प्रकार निघाला. इग्निशन ऑन, पाच सेकंदांच्या आत लॉक दाबून धरलं, दारं एकदा खटकन लागून उघडली. किल्ली काढून बघितलं, तिन्ही बटणं चालतात. पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरूनही. नव्या सेलवर लेपाचं कडं आहेच, तिरका धरल्याशिवाय दिसलं नसतं. तो भिंतीवरच्या घड्याळाच्या रिमोटमध्ये टाकलाय, तिथे पत्ती मधोमध टेकते. साध्या सेलवर बोर्डचं माप आता ३.०१ आहे.

कोपऱ्यावरचा:
मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघून रिमोट चालतो का कळतं ना? टीव्हीच्या रिमोटचा जांभळा ठिपका दिसतो तसा.

सह्याद्री४३३:
टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, म्हणून दिसतो. गाडीचा रेडिओ लहरींवर, कॅमेऱ्यात काहीच दिसणार नाही आणि चांगला रिमोट फेकून द्याल. किल्लीवाल्यांकडे फ्रीक्वेन्सी टेस्टर असतो, त्यावर किल्ली ठेवून बटण दाबलं की आकडा येतो. ४३३.९२ च्या जवळ स्थिर आकडा आला म्हणजे प्रक्षेपण होतंय. दिवा लख्ख, आकडा काहीच नाही आणि किल्ली नुकतीच फरशीवर आपटलेली, तर बोर्डवरचा रेझोनेटर (फ्रीक्वेन्सी ठरवणारा भाग) गेला असण्याची शक्यता मोठी.

घाटमाथा:
धागा भरकटवतोय, पण पुश स्टार्टवाल्या चावीचंही हेच का? सेल संपला तर गाडीच सुरू होणार नाही?

पानेवाला:
होते. चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवा, ब्रेक दाबा आणि चावीनेच बटण दाबा. काही गाड्यांत टेकवायची जागा स्टीअरिंगच्या दांड्यावर किंवा कपहोल्डरच्या तळाशी असते. बिनसेलची चिप तिथेही आहेच. दार उघडायला चावीच्या पोटात लपवलेलं पातं निघतं, आणि कुलपाचं भोक कधीकधी दाराच्या मुठीच्या टोपणाखाली असतं. टोपण एकदा घरीच काढून बघा. रात्री घाटात शोधायला नको.

बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगच्या जुन्या रिमोटबद्दल कोणी विचारायच्या आधी: त्यातल्या बऱ्याच रिमोटमध्ये १२ व्होल्टचा २३ए नावाचा बुटका नळीसारखा सेल असतो, १० मिमी जाड. दुकानदार २७ए देतो, लांबी जवळपास तीच, जाडी ८ मिमी. बसतो, पण खडखडतो आणि मधेच तुटतो. जुना सेल खिशात घालून दुकानात जा.